धूप फिरल्यावर

"नमस्ते आंटी," असं शुभ्रा म्हणाली आणि म्हणताक्षणीच तिला कळलं की हातून काहीतरी निसटलंय. प्रयोगशाळेत काचेची नळी बोटांतून सुटते, जमिनीला लागते आणि फुटल्याचा आवाज येतो. पण त्या आवाजाच्या आधीच पोटात कळलेलं असतं, तसं. समोर सोफ्यावर टेकलेल्या बाईंनी मान वर केली. तेच बारीक डोळे, तोच डोक्यावरून घेतलेला सुती दुपट्टा, हनुवटीवरचा तोच तीळ. मरियमबी. रुवैसच्या रिफायनरी क्वार्टर्समध्ये जिच्या आणि शुभ्राच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत होती ती मरियमबी. तिला शुभ्रा बारा वर्षं भाभी म्हणत आली होती. आंटी कधीच नाही. आणि नमस्ते तर नाहीच; सकाळी दार उघडल्यावर "भाभी, विरजण आहे का?" एवढीच त्यांची प्रार्थना असायची.

"ही शुभ्रा," सुनेत्राताई मागून सांगत होत्या. दुबईतल्या जुमैराच्या या व्हिलाच्या त्या मालकीण, आणि महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी इथे जमणाऱ्या चित्रपट मंडळाच्याही. "आमच्या मंडळातली सगळ्यात नवी. सायंटिस्ट आहे हं! अबू धाबीत लॅब सांभाळायची. आणि शुभ्रा, या दुआच्या सासूबाई. दुआ आज सिनेमाबद्दल बोलणार आहे ना, युनिव्हर्सिटीत शिकवते ती. या रुवैसला होत्या म्हणे, पंचवीस वर्षं! अगंबाई, कसं काय राहिलात हो तिथं?"

"रहते हैं लोग," मरियमबी म्हणाली.

"म्हणजे तुम्ही दोघी एकाच अमिरातीतल्या! पण शुभ्रा शहरातली."

मरियमबीने शुभ्राकडे पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत. मोतिया रंगाची लिननची साडी, एका हातात घड्याळ, दुसरा हात रिकामा. पापणीही हलली नाही. "शहरातल्या माणसांचा आमचा कुठला संबंध?" ती म्हणाली. "बैठो बेटा. खडी क्यूं हो?"

शुभ्रा बसली. दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. पडदे ओढले गेले, भिंतीवर काळापांढरा उजेड पडला, आणि अंधारात तिने पहिलं काम केलं ते घटनेचा क्रम लावण्याचं. तशी सवयच होती तिला. निष्कर्ष कितीही वाईट असो, क्रम नीट लावला की माणूस सावरतं. आधी कोणी टाळलं? मरियमबीने ओळख दाखवली नाही हे खरं, पण ते नंतर. आधी 'नमस्ते आंटी'. बाकी सगळं त्या दोन शब्दांवर उभं होतं. मरियमबीने फक्त शुभ्राच्या सुरात सूर मिसळला होता, जसा ती शेजारच्या गॅलरीतून मिसळायची. एवढं ठरलं आणि शुभ्राला जरा बरं वाटलं, चूक आपली आहे हे पक्कं झाल्यावर वाटतं तसं.

आजचा दिवस खरं तर तिचा होता. सकाळपासून ती मजेत होती. बर दुबईत पाणी आणि अन्न तपासण्याची स्वतःची लॅब काढायची, हे स्वप्न गेली चार वर्षं तिने दुसऱ्यांच्या लॅबमध्ये उभं राहून पाहिलं होतं, आणि सुनेत्राताई त्यात भागीदार व्हायला जवळजवळ तयार होत्या. नुसता पैसा नव्हे. सुनेत्राताईंचं नाव म्हणजे इथल्या निम्म्या हॉटेलांची दारं. कालच त्यांचा फोन आला होता. "उद्या धूप फिरल्यावर तू थांब. हे पण येतायत. बोलून टाकू. यल्ला, आता उशीर नको." धूप फिरल्यावर थांब. या वाक्याचं वजन मंडळातल्या सगळ्यांना माहीत होतं. सुनेत्राताईंनी अरबी घरांतून ही एक रीत उचलली होती: कार्यक्रम संपला की ऊद जाळलेलं धुपाटणं पाहुण्यांमधून फिरवायचं, आणि धूप फिरला की पाहुण्यांनी उठायचं. कोणी कोणाला जा म्हणत नाही, वास म्हणतो. त्यानंतर ज्यांना थांबवून घेतलं जातं ती घरची माणसं. अल बर्शाच्या टू-बेडरूममधून इथवर यायला शुभ्राला फार वर्षं लागली होती, आणि ती प्रत्येक पायरी तिने, स्वतःच्या मते, स्वच्छ पायांनी चढली होती. ती कधीही खोटं बोलली नव्हती. रुवैस अबू धाबीच्याच अमिरातीत येतं. शहरापासून अडीचशे किलोमीटरवर, पण येतं. ती लॅब सांभाळायची हेही खरं होतं. रिफायनरीच्या पाणी तपासणीच्या खोलीत रात्रपाळीला ती एकटीच तंत्रज्ञ असायची, म्हणजे सांभाळायचीच. माहेरच्या चिंचवडचं पुणं झालं होतं तेही असंच. आकडा तोच, फक्त दशांशस्थळं कमी केलेली. तिचा नवरा दत्तप्रसाद हसायचा. "तू सांगतेस ते सगळं खरं असतं," तो म्हणायचा, "पण ऐकणाऱ्याला जे कळतं त्यात एक शब्द खरा नसतो." तो अजूनही कुणी विचारलं की खुशाल "रुवैस, रिफायनरी, शटडाउन" सुरू करायचा, म्हणून ती त्याला अशा ठिकाणी आणत नसे. लेकीला, ईश्वरीला, तर तिने कधी काही शिकवलंच नव्हतं. पोरगी कुठेही, कुणालाही, "I was born in Ruwais, it's like, nowhere," असं आनंदाने सांगायची, आणि इंग्रजीत सांगितल्यामुळे ते फारच छान वाटायचं.

पडद्यावर एक तरुण इंग्रज कारकून आरशासमोर उभा राहून छत्री कशी धरायची ते शिकत होता. सिनेमा जुना होता, साठेक वर्षांपूर्वीचा. गावाकडच्या नगरपालिकेतला हा पोरगा लंडनला येतो, मोठ्या लोकांसारखं बोलायला, हसायला, कंटाळायला शिकतो, आणि बघता बघता मालकाच्या मुलीशी त्याचं लग्न ठरतं. मंडळातल्या बायका मनापासून हसत होत्या. शुभ्राही हसत होती, कारण पोरगा चांगला होता. मेहनती होता. त्याने टाय बांधायला जेवढा वेळ दिला तेवढा तिने साडीच्या निऱ्यांना दिला होता. तिला त्याची लाज वाटली नाही, उलट एका सहकाऱ्याचं काम बघावं तसं ती बघत होती. इथे चुकलास, कंटाळा जरा जास्त दाखवलास. खरे श्रीमंत एवढे कंटाळत नाहीत, त्यांना कंटाळा आलाय हे त्यांना माहीतच नसतं. पुढच्या रांगेत मरियमबीचा दुपट्टा उजेडात पांढरा होई आणि काळा होई. तिच्या अंगाला अजून तोच वास असेल, शुभ्राने आठवून पाहिलं. मोहरीचं तेल, वेलची, आणि रुवैसमध्ये सगळ्यांच्याच कपड्यांना असलेला तो भट्टीच्या धुराचा बारीक वास, जो दोनदा धुतल्यावरही जात नसे आणि जो दुबईला आल्यावर पहिल्या महिन्यात शुभ्राने घालवला होता.

ईश्वरी झाली तेव्हा दत्तप्रसाद रिफायनरीच्या वार्षिक बंदच्या ड्युटीवर होता, घरी यायचा तो झोपायला. आईला व्हिसा मिळाला नव्हता. मरियमबीने चिंचवडला फोन लावला होता, थेट शुभ्राच्या आईला. "माँजी, तुमच्यात बाळंतिणीला काय देतात ते सांगा, लिहून घेत नाही, तोंडपाठ करते." अळिवाची खीर तिने पहिल्यांदा केली तेव्हा तिचा गोळा झाला होता आणि दोघींनी तो चमच्याने कापून खाल्ला होता. आणि धुरी. आई म्हणाली बाळाला धुरी हवीच. मरियमबीने आपलं ऊद जाळायचं पितळी धुपाटणं काढलं, त्यात निखारे, ओवा, बाळंतशेपा, वावडिंग घातलं, आणि दार खिडक्या लावून घेतल्या. पाचव्या मिनिटाला छतावरचा अलार्म बोंबलायला लागला आणि कंपनीचा बंब खाली येऊन उभा राहिला. हेल्मेट घातलेला फिलिपिनो पोरगा दारात, आत धुरात दोन बायका आणि शिंकणारं बाळ. मरियमबीने त्याला सांगितलं होतं, "नो फायर. बेबी." जणू त्या एका शब्दात सगळं यायला हवं. आणि त्याला आलंही होतं. तो बाळाचं नाव विचारून गेला.

मरियमबीचे यजमान मुश्ताकभाई गेले तेव्हा शुभ्रा दुबईत नवी होती. बातमी फिरत फिरत आली. तिने मेसेज पाठवला होता. चांगला मेसेज होता, दोनदा वाचून पाठवलेला. जायचं ठरवलंही होतं, पुढच्या शुक्रवारी. मग त्याच्या पुढच्या. मग सिम बदललं. आता अंधारात बसून तिने हेही क्रमाने लावलं आणि तिला एका जागी अडखळायला झालं, कारण त्यात 'मग' हा शब्द फार वेळा येत होता. प्रत्येक 'मग' खरा होता. सगळे मिळून जे होत होतं त्याला काय म्हणायचं हे दत्तप्रसादला पटकन सांगता आलं असतं.

पडद्यावर साखरपुडा होता. झुंबरं, पियानो, उघड्या खांद्यांच्या बायका. आणि दारात एक ठेंगणी म्हातारी, डोक्यावर बसकी टोपी, हातात केकचा डबा. पोराची आत्या. हिनेच त्याला वाढवलेलं. पोरगा तिला बघतो, त्याचा चेहरा पांढरा पडतो. भावी सासरा विचारतो, या कोण? पोरगा शांतपणे सांगतो, पडद्यांचं माप घ्यायला आल्या आहेत. मग म्हातारी केकचा डबा खुर्चीवर ठेवते, खिडकीपाशी जाते, आणि वितीने पडदा मोजायला लागते. एक वीत, दोन वीत. टेप नाही म्हणून. मंडळात हशा उसळला. सुनेत्राताईंनी तर टाळी दिली शेजारणीला. शुभ्राच्या तोंडातूनही हसू आलं होतं, निम्मं बाहेर, निम्मं आत. आणि त्या हशावरून पुढच्या रांगेतून एक आवाज सरळ, घरच्या टीव्हीसमोर बसल्यासारखा आला.

"बरोबर करतेय ती. पोराचा साखरपुडा हाय."

"अम्मी, हळू," दुआ म्हणाली.

"हळूच बोलतेय."

शुभ्राला गरम झालं. एसीचा वारा मानेवर होता तरीही. तिला म्हातारीचा राग आला, इतकी शहाणी कशाला असावी माणसाने, मोडायचं की सगळं, फेकायचा तो केक. मग कळलं की राग म्हातारीचा नाही. मरियमबीने आज कुठली खिडकी मोजली ते तिने आत्ता स्वतःच, भर सभेत, मोठ्याने सांगितलं होतं आणि कुणालाही ते समजलं नव्हतं. एका बाईसाठी सांगितलं होतं. की बघ, मला वाईट वाटलेलं नाही. तुझं कार्य आहे. होऊ दे.

आणि तिथेच, सिनेमा अजून चालू असताना, शुभ्राला ते नाणं आठवलं. रुवैसला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मुश्ताकभाईंच्या साहेबांकडे मुलीचा साखरपुडा होता. अरबी घर, बायकांचा वेगळा दिवाणखाना, गालिच्यांवर ओळीने बसलेल्या बायका, आणि शुभ्रा, लग्नाची जरीची साडी नेसून, मरियमबीच्या शेजारी. जेवणं झाली. मग साहेबांची आई स्वतः हातात तबक घेऊन आली, तबकात धुपाटणं, त्यातून धूर. बायका एकेक करून धूर ओढणीत घेत होत्या, केसांत घेत होत्या. शुभ्रापर्यंत तबक आलं तेव्हा तिने विचारच केला नाही. दोन्ही हात धुरावरून फिरवले, डोळ्यांना लावले, डोक्यावरून नेले, आणि पर्स उघडून तबकात एक दिरहम टाकला. टण्. कुणीतरी तोंडावर हात नेला. साहेबांच्या आईने नाण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि शुभ्राला कळेना की नेमकं काय झालंय, फक्त एवढं कळलं की आपण नोकराला देतात तसं या बाईला काहीतरी दिलंय. त्याच क्षणी शेजारून दुसरा आवाज आला. टण्. मरियमबीने आपला दिरहम टाकला होता. चेहरा मशिदीत बसल्यासारखा गंभीर. "आमच्या कोकणात असंच," ती मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाली. "मुलीच्या बरकतीसाठी. आधी पाहुण्यांनी टाकायचं." साहेबांच्या आईचा चेहरा उजळला, तिने मरियमबीचे गाल दाबले, दोन्ही नाणी उचलून नवरीच्या मुठीत ठेवली. बाहेर पडल्यावर गाडीत बसेपर्यंत मरियमबीने तो गंभीर चेहरा टिकवला. मग इतकी हसली की मुश्ताकभाईंना गाडी बाजूला घ्यावी लागली. "आरतीच केलीस गो तू त्यांची! आता पुढच्या लग्नाला सगळ्या कोकणी पैसे टाकत बसतील."

कोकणातल्या रीतीचं ते शंभर टक्के खोटं होतं. त्यात एकही दशांशस्थळ खरं नव्हतं. शुभ्राने इतकी वर्षं ती गोष्ट गंमत म्हणून जपली होती, आणि दुबईत आल्यावर गंमत म्हणूनही कुणाला सांगितली नव्हती. एवढं मोठं खोटं तिच्यासाठी कुणी बोललं होतं, आणि ती मात्र एकही खोटं न बोलता इथवर आली होती. तिला अंधारात हसू आलं. आता खरं, पूर्ण. आपल्याला काय करायचंय ते तिला कळलं होतं आणि एकदा कळल्यावर तिला घाई नव्हती. सिनेमाचा शेवट तिने व्यवस्थित पाहिला. पोरगा चर्चच्या पायऱ्या उतरतो, सगळं मिळालेलं, आणि छत्री अगदी बरोबर धरलेली.

दिवे लागले. दुआ थोडं बोलली, छान बोलली, त्या काळातल्या इंग्लंडबद्दल, आपण कुणाला हसतो त्याबद्दल. प्रश्न कुणी विचारले नाहीत. सुनेत्राताईंनी मात्र डोळे टिपत सांगितलं, "असे नग असतात ना गं इथेही! दुबईत तर पावलापावलाला. पण मला बाई लगेच ओळखू येतात. वर्षानुवर्षं बघतेय ना मी माणसं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्या आत जाऊन आल्या, हातात चांदीचं तबक, त्यावर धुपाटणं, आणि ऊदाचा तो जड, गोड, किंचित कडवट धूर खोलीभर पसरायला लागला. पहिल्या खुर्चीपासून त्या फिरल्या. बायकांनी शिकवल्यासारखा धूर पदरात घेतला, पर्सा उचलल्या, पाय जमिनीवर नीट टेकवले, उठण्याच्या बेतात. मरियमबीपाशी तबक आलं. तिने दुपट्ट्याचं टोक धुरावर धरलं, मनातल्या मनात काही पुटपुटली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली.

"भाभी, बसा," शुभ्रा म्हणाली.

ती आपल्या खुर्चीवरून उठून पुढे आली होती. मरियमबीने तिच्याकडे पाहिलं आणि अगदी बारीक मान हलवली. नको. शुभ्राने ती पाहिली आणि बाजूला ठेवली. तिने दोन्ही हात धुरावरून फिरवले, डोळ्यांना लावले, डोक्यावरून मागे नेले. मग पर्सच्या छोट्या कप्प्यातून, सुपरमार्केटच्या ट्रॉलीसाठी कायम ठेवलेला दिरहम काढला आणि सुनेत्राताईंच्या चांदीच्या तबकात टाकला. टण्.

"अगं!" सुनेत्राताई नाण्याकडे बघत राहिल्या. "हे काय? ही कुठली पद्धत?"

"रुवैसची," शुभ्रा म्हणाली. आवाज तिचा नेहमीचा होता, अहवाल वाचून दाखवण्याचा. "मी बारा वर्षं होते तिथे. रात्रपाळीला बॉयलरचं पाणी तपासायचे. मी शहरात कधीच नव्हते, सुनेत्राताई. तुम्ही तसं समजलात, आणि मी समजू दिलं. या माझ्या शेजारी. माझी मुलगी यांच्या हातावर वाढलीय. मघाशी मी यांना आंटी म्हटलं."

धूर सरळ वर जात होता. दुआ एकदा सासूकडे, एकदा शुभ्राकडे बघत होती. सुनेत्राताईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हिशेब चालला होता. त्यांना लगेच ओळखू येणारी माणसं, आणि ही समोरची. तो हिशेब कुठे जाऊन थांबेल ते शुभ्राला खरंच माहीत नव्हतं. लॅब कदाचित या धुराबरोबर गेली असेल. जाऊ दे, पाणी काय, कुठेही तपासता येतं. तिला एवढंच वाटलं की खूप दिवसांनी आकडा पूर्ण लिहिलाय.

मग दुसरा आवाज आला. मरियमबीने रुमालाची गाठ सोडून आपलं नाणं काढलं होतं.

"तुमच्यातही असतं हे?" सुनेत्राताईंनी विचारलं. आवाज बदलला होता. त्यात आता कुतूहल होतं, आणि आपल्याला माहीत नसलेली एखादी रीत दुसऱ्याकडे असल्याची ती बारीक अस्वस्थता, जी शुभ्रा कुठेही ओळखू शकली असती, कारण ती तिची स्वतःची होती.

"आमच्या कोकणात असंच," मरियमबी म्हणाली. चेहरा गंभीर. "नवीन धंदा काढणाऱ्या बाईच्या बरकतीसाठी. पाहुण्यांनी आधी टाकायचं, मग घरच्या मालकिणीने."

"नवीन धंदा? तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चार वेळा सांगितलंत की तुम्ही, सिनेमाच्या आधी. लॅब, लॅब. ऐकू येतं मला."

मग मागच्या रांगेतल्या कुणीतरी पर्स उघडली. मग दुसरीने. चेन उघडल्याचे, कार्डं सरकल्याचे, लिपस्टिक खाली पडल्याचे आवाज यायला लागले. सगळ्या शोधत होत्या आणि कुणाकडेच काही निघत नव्हतं. यांच्याकडे वाणसामान घरपोच यायचं. ट्रॉली ढकलून जमाना झाला होता. सुनेत्राताई तबक एका हातात तोलत दुसऱ्या हाताने टेबलाचा खण चाचपत होत्या. धूर त्यांच्या डोळ्यांत जात होता.

"अगं, कुणाकडे सुट्टा दिरहम आहे का?" त्या म्हणाल्या.

मरियमबी शुभ्राकडे न बघता पुन्हा सोफ्यावर बसली, आणि आपल्या शेजारची जागा हाताने झटकून मोकळी केली. "धूप फिरला," ती हळूच म्हणाली. "उठायचं सोडून कशाला बसवलंस गो मला?"

"विरजण मागायचंय," शुभ्रा म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली.